रिपोर्ट सर्व्हरचा डेटाबेस नव्या मशीनवर नेताना

सकाळी ९ च्या आत पन्नासेक माणसांच्या इनबॉक्समध्ये कालच्या उत्पादनाचा, थकबाकीचा, साठ्याचा रिपोर्ट येऊन पडलेला असतो. तो कुठल्या मशीनवरून येतो हे त्यांना ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायची गरजही नाही. एक दिवस तो आला नाही की मात्र पहिला फोन आपल्यालाच येतो. म्हणून रिपोर्ट सर्व्हर हलवायचं काम मी ‘बॅकअप घेतला, रिस्टोअर केला, झालं’ या हिशोबाने कधीच धरत नाही. डेटाबेस हलवायला तासभर पुरतो. वेळ खातात त्या डेटाबेसच्या बाहेर राहिलेल्या गोष्टी, आणि काम अडतं तेही त्यांच्यापायीच.

इथे धरलंय ते मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेसचं, म्हणजे एसएसआरएसचं स्थलांतर: जुन्या मशीनवरच्या २०१६ वरून नव्या मशीनवरच्या २०२२ वर, नेटिव्ह मोडमध्ये (म्हणजे शेअरपॉइंटशी न जोडता, स्वतंत्र). एसक्यूएल सर्व्हर २०१६ च्या विस्तारित सपोर्टची शेवटची तारीख १४ जुलै २०२६ आहे, त्यामुळे हे काम बऱ्याच जणांच्या यादीत आहे. एसक्यूएल सर्व्हर २०२५ सोबत नवं एसएसआरएस आलेलं नाही. त्याची जागा पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरने घेतली आहे. एसएसआरएस २०२२ ला जानेवारी २०३३ पर्यंत सपोर्ट आहे. तुम्ही पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरकडे निघाला असाल तरी पुढच्या बहुतेक पायऱ्या तशाच लागू पडतील. शेअरपॉइंटशी जोडलेल्या मोडमध्ये असाल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. तिथे स्क्रिप्ट लावून रिपोर्ट उचलून न्यावे लागतात.

काय कुठे राहतं

रिपोर्ट सर्व्हरचे डेटाबेस दोन. ‘रिपोर्टसर्व्हर’ या पहिल्यात रिपोर्टच्या व्याख्या, फोल्डर, परवानग्या, डेटा सोर्स (माहिती कुठून आणायची ती जोडणी), सबस्क्रिप्शन (ठरल्या वेळी रिपोर्ट आपोआप पाठवायची सोय), वेळापत्रकं असं सगळं असतं. ‘रिपोर्टसर्व्हरटेम्पडीबी’ या दुसऱ्यात चालू सेशन आणि कॅश. याचा एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या टेम्पडीबीशी काही संबंध नाही, आणि सर्व्हिस रिस्टार्ट केल्यावर हा आपोआप नव्याने तयारही होत नाही. दोन्ही एसक्यूएल सर्व्हरच्या एकाच इन्स्टन्सवर (चालू प्रतीवर) लागतात.

डेटाबेसच्या बाहेर चार गोष्टी राहतात: एन्क्रिप्शन की उघडायची सोय, कॉन्फिग फाइल्स, एसक्यूएल एजंटमधले (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतले) जॉब, आणि विंडोजवर वर्षानुवर्षं साचलेलं सामान, म्हणजे फॉन्ट, ड्रायव्हर, ओडीबीसी डीएसएन (डेटाबेस जोडणीच्या नाव दिलेल्या नोंदी), सर्टिफिकेट. या चौथ्या प्रकाराची नोंद बहुधा कुणीच ठेवलेली नसते.

पंधरा दिवस आधी: मोजदाद

रिपोर्टसर्व्हर डेटाबेसमध्ये एक्झिक्युशनलॉग३ नावाचा व्ह्यू आहे. कोणता रिपोर्ट कुणी, केव्हा, कोणत्या फॉरमॅटमध्ये चालवला आणि डेटा आणायला किती वेळ गेला, हे सगळं त्यात मिळतं. मूळ सेटिंगप्रमाणे ही नोंद ६० दिवसांचीच राहते. आपल्याकडचा मार्चअखेरचा रिपोर्ट ऑगस्टमध्ये त्या यादीत दिसणारच नाही आणि कुणीतरी तो ‘वापरात नाही’ म्हणून काढून टाकेल. स्थलांतर ठरल्या दिवशीच सर्व्हर प्रॉपर्टीजमधली ही मर्यादा ४०० दिवस करून ठेवा. जुनी गेलेली नोंद परत येत नाही, पण निदान पुढची राहते. आणि काही काढून टाकण्याआधी हिशोब विभागाला विचारा.

त्याचबरोबर तीन आकडे लिहून ठेवा: कॅटलॉग टेबलमधल्या (रिपोर्ट, फोल्डर वगैरेंच्या यादीतल्या) ओळी प्रकारानुसार, सबस्क्रिप्शन किती, आणि डेटा सोर्स किती. शेवटी पडताळणीला हेच लागतात. मोबाइल रिपोर्ट वापरात असतील तर ते २०२२ मध्ये चालणार नाहीत, हे संबंधितांना आत्ताच सांगा.

एन्क्रिप्शन की

डेटा सोर्समध्ये साठवलेले पासवर्ड आणि कनेक्शन स्ट्रिंग डेटाबेसमध्ये सरळ ठेवलेले नसतात. एका सिमेट्रिक कीने कुलूपबंद असतात. ती कीसुद्धा डेटाबेसमध्येच असते, पण जुन्या मशीनवरच्या सर्व्हिस अकाउंटलाच ती उघडता येते. त्यामुळे डेटाबेस नव्या मशीनवर गेला की कुलूप सोबत येतं आणि किल्ली मागे राहते.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात जुन्या मशीनची डिस्क गेली तेव्हा मी हे अंगावर घेतलं आहे. डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री होत होता. कीचा बॅकअप कुणीच घेतलेला नव्हता, आणि तो आहे की नाही हे मीही आधी विचारलं नव्हतं. रिस्टोअर झाला, सर्व्हिस सुरू झाली, पण पोर्टल उघडलं की एकच उत्तर: रिपोर्ट सर्व्हर सिमेट्रिक कीपर्यंत पोहोचू शकत नाही. शेवटी ‘एन्क्रिप्टेड कंटेंट डिलीट करा’ हे बटण दाबावं लागलं. त्या एका क्लिकने साठवलेले सगळे पासवर्ड आणि कनेक्शन स्ट्रिंग पुसल्या जातात. मग दोन दिवस आम्ही एकेक डेटा सोर्स उघडून नव्याने भरत बसलो. त्यातले काही पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसांनाच ठाऊक होते. ईमेलची सबस्क्रिप्शन या पुसण्यातून वाचतात. शेअर फोल्डरमध्ये फाइल टाकणाऱ्या सबस्क्रिप्शनमध्ये मात्र पासवर्ड असतो, तो प्रत्येक ठिकाणी पुन्हा भरावा लागतो.

म्हणून आजच, स्थलांतर सहा महिन्यांनी असलं तरी, हे करा. जुन्या मशीनवर रिपोर्टिंग सर्व्हिसेस कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा, डावीकडे एन्क्रिप्शन कीज, मग बॅकअप. फाइलचा मार्ग आणि पासवर्ड विचारला जातो; फाइल एसएनके प्रकारची आणि अगदी लहान असते. ती त्याच सर्व्हरच्या सी ड्राइव्हवर ठेवून उपयोग नाही, मशीन गेलं की तीही गेली. दुसऱ्या जागी ठेवा. पासवर्ड तुमच्या पासवर्ड व्हॉल्टमध्ये टाका आणि निदान दोन माणसांना तो मिळेल असं बघा. फाइल आहे पण पासवर्ड नाही, तर ती फाइल नसल्यात जमा. की बदलली तर बॅकअपही नवा घ्यायचा.

नवं मशीन

२०१७ पासून एसएसआरएस एसक्यूएल सर्व्हरच्या सेटअपमध्ये येत नाही. त्याचा इन्स्टॉलर वेगळा उतरवावा लागतो, आणि एका मशीनवर एकच इन्स्टन्स बसतो. इन्स्टॉल करताना प्रॉडक्ट की घाला. घाईत इव्हॅल्युएशन निवडलं तर १८० दिवसांनी, सगळे हे काम विसरून गेलेले असताना, सर्व्हर बंद पडेल.

इन्स्टॉल झाल्यावर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये नवा डेटाबेस तयार करायच्या भानगडीत पडू नका. सर्व्हिस अकाउंट मात्र आत्ताच नक्की करा. डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर मूळचं व्हर्च्युअल अकाउंट पुरतं. रिपोर्ट चालवणाऱ्याची ओळख पुढे दुसऱ्या डेटाबेस सर्व्हरपर्यंत पोहोचवायची असेल तर डोमेन अकाउंट घ्या, त्यावर एचटीटीपी एसपीएन (डोमेनमधली सेवेची ओळख) नोंदवा आणि डेलिगेशन (ओळख पुढे नेण्याची परवानगी) द्या. हे काम डोमेन सांभाळणाऱ्या टीमकडे असतं. त्यांचं तिकीट आठवडाभर आधी टाका.

आता एक गोष्ट विसरायची नाही. नव्या मशीनवरचा एसक्यूएल एजंट बंद करून ठेवा, आणि कटओव्हरपर्यंत, म्हणजे खरं काम नव्या मशीनवर वळवेपर्यंत, तो सुरू करू नका. रिपोर्ट सर्व्हिस डेटाबेसला जोडली गेली की वेळापत्रकांचे जॉब ती स्वतः एजंटमध्ये तयार करते. एजंट चालू असेल तर तुमची ‘चाचणी’ खऱ्या लोकांना खऱ्या मेल पाठवायला लागते. एका कंपनीत शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चाचणी घेतली आणि शनिवारी सकाळी वितरकांना थकबाकीचं पत्रक दोनदा गेलं; एक जुन्या सर्व्हरवरून बरोबर, आणि दुसरं नव्यावरून. नवा सर्व्हर चाचणीसाठी विक्री डेटाबेसच्या तीन दिवस जुन्या प्रतीकडे वळवलेला होता. गुरुवारी पैसे भरलेल्या एका वितरकाने फोन करून विचारलं, “अहो, माझा चेक वटला नाही का?” त्या माणसाचा शनिवार आमच्यामुळे खराब गेला. एजंटवर इतर कामंही चालत असतील आणि तो बंद ठेवता येत नसेल, तर निदान मेलची एसएमटीपी सेटिंग चाचणी संपेपर्यंत रिकामी ठेवा.

बॅकअप आणि रिस्टोअर

आधी रंगीत तालीम, मग खरा प्रयोग. तालमीचा बॅकअप ‘कॉपी ओन्ली’ पर्यायाने घ्या, म्हणजे रोजच्या डिफरन्शियल बॅकअपची साखळी तुटणार नाही. सोबत चेकसम लावा. त्याआधी जुन्या मशीनवर डीबीसीसी चेकडीबी ही डेटाबेस तपासणारी आज्ञा चालवा. खराब पान सोबत घेऊन निघण्यात अर्थ नाही.

रिपोर्टसर्व्हरटेम्पडीबीतला मजकूर गेला तरी कुणाचं काही जात नाही, पण त्यातली टेबलं लागतातच, म्हणून त्याचाही बॅकअप घ्या. रिस्टोअर करताना ‘मूव्ह’ पर्यायाने डेटा आणि लॉग फाइल्सचे मार्ग नव्या मशीनप्रमाणे द्या. डेटाबेसची नावं मात्र बदलू नका. पहिल्या डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये दुसऱ्याचं नाव थेट लिहिलेलं असतं. शेवटी ‘_नवा’ जोडायचा मोह झाला तर त्या सगळ्या कोसळतील. रिस्टोअर झाल्यावर रिपोर्टसर्व्हरचं रिकव्हरी मॉडेल फुल आणि रिपोर्टसर्व्हरटेम्पडीबीचं सिंपल आहे ना, ते बघून घ्या.

एजंट बंद ठेवूनही एक फट उरते. बॅकअप घेतला त्या क्षणी जी सबस्क्रिप्शन रांगेत होती ती इव्हेंट आणि नोटिफिकेशन्स या दोन टेबलांत ओळींच्या रूपात बसलेली असतात. रिपोर्ट सर्व्हिस ही टेबलं थोड्या थोड्या वेळाने स्वतः तपासते, त्यासाठी तिला एजंट लागत नाही. नव्या प्रतीत या दोन्ही टेबलांत काही उरलंय का ते सर्व्हिस जोडण्याआधी बघा, आणि तालीम असेल तर ते काढून टाका.

जोडणी

कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये डेटाबेस, मग चेंज डेटाबेस, मग ‘आहे तो डेटाबेस निवडा’. लागणाऱ्या परवानग्या विझार्ड देतो. सर्व्हिसने जुनं स्कीमा ओळखलं की ते आपोआप नव्या आवृत्तीचं होतं. हा बदल एकमार्गी आहे. नवी प्रत पुन्हा २०१६ ला जोडता येणार नाही, त्यामुळे जुन्या मशीनवरचा मूळ डेटाबेस जिथे आहे तिथे तसाच राहू द्या.

पुढे एन्क्रिप्शन कीज, रिस्टोअर, फाइल, पासवर्ड. हे झाल्यावर स्केल-आउटचं (एकाच डेटाबेसवर अनेक रिपोर्ट सर्व्हर चालवण्याचं) पान उघडा. तिथे नव्या मशीनसोबत जुन्या मशीनचंही नाव दिसेल, कारण कीज टेबलमध्ये त्याची ओळख अजून आहे. स्टँडर्ड एडिशनमध्ये स्केल-आउटला परवानगी नाही, त्यामुळे सर्व्हर ‘या एडिशनमध्ये स्केल-आउट चालत नाही’ म्हणून अडून बसतो. आपण तर एकच सर्व्हर उभारलाय, मग हे कुठून आलं, असा प्रश्न पहिल्यांदा प्रत्येकाला पडतो. उपाय सोपा आहे: नव्या प्रतीतल्या कीज टेबलमधली जुन्या मशीनच्या नावाची ओळ काढा आणि सर्व्हिस रिस्टार्ट करा. मशीनचं नाव रिकामं असलेली एक ओळ तिथे असते, तिला हात लावू नका. आणि डिलीट चालवण्याआधी आपण कोणत्या सर्व्हरला जोडलेलो आहोत ते खिडकीच्या पट्टीवर दोनदा वाचा.

सबस्क्रिप्शन तयार होत नसतील किंवा वेळापत्रक जतन होत नसेल तर आरएसएक्झेकरोल ही भूमिका मास्टर आणि एमएसडीबी या दोन डेटाबेसमध्ये आहे का ते तपासा. हे दोन्ही आपण हलवलेले नसतात, त्यामुळे ती भूमिका जुन्याच मशीनवर राहून गेलेली असू शकते.

कॉन्फिग फाइल

जुनी आरएसरिपोर्टसर्व्हर कॉन्फिग फाइल उचलून नव्यावर चिकटवू नका. तिच्यात डेटाबेसची जोडणी त्या मशीनपुरती एन्क्रिप्ट केलेली असते आणि इन्स्टॉलेशनचा ओळखक्रमांकही असतो. दोन्ही फाइल्स शेजारी उघडून फरक बघा आणि आपण मुद्दाम केलेले बदलच हाताने न्या: एसएमटीपी, ऑथेंटिकेशनचा प्रकार, एक्स्पोर्टच्या यादीतून लपवलेले फॉरमॅट. स्वतः लिहिलेली असेंब्ली रिपोर्टमध्ये वापरली असेल तर तिची डीएलएल आणि पॉलिसी फाइलमधली तिची नोंद, दोन्ही.

फॉन्ट, घड्याळ, ड्रायव्हर

मराठीत रिपोर्ट छापणाऱ्यांनी इथे सावकाश जावं. पीडीएफ सर्व्हरवर तयार होतो, म्हणून फॉन्टही सर्व्हरवरच लागतो. तुमच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये ‘एकूण देय रक्कम’ स्वच्छ दिसेल, कारण तिथे तुमच्याकडचा फॉन्ट वापरला जातो. तोच रिपोर्ट पीडीएफमध्ये काढला की अक्षरांच्या जागी चौकटी येतात, किंवा दुसराच फॉन्ट लागून ओळ लांबते आणि रकान्यातला शेवटचा शब्द खालच्या ओळीत पडतो. पगारपत्रकात एवढ्याने एका पानाची दोन पानं होतात आणि छापखान्यातून आलेल्या कागदावर मजकूर चुकीच्या जागी बसतो. जुन्या मशीनच्या फॉन्ट फोल्डरची यादी काढून नव्याशी ताडून पाहा. कधीकाळी कुणीतरी हाताने टाकलेला एखादा फॉन्ट त्यात हमखास सापडतो. तपासायला जोडाक्षरं असलेला रिपोर्ट घ्या. ‘क्षेत्र’, ‘ज्येष्ठ’, ‘खर्च’, ‘कर्मचाऱ्यांचे’ असे शब्द नीट उमटले तर बाकीचंही बहुधा ठीक असतं.

घड्याळ. सबस्क्रिप्शनची वेळ सर्व्हरच्या स्थानिक वेळेनुसार चालते. नवं मशीन क्लाउडवर असेल तर त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं. तिथले सकाळचे ९ म्हणजे आपले दुपारचे अडीच. रिपोर्ट ‘आलाच नाही’ अशी तक्रार येते आणि लॉगमध्ये सगळं यशस्वी दिसतं. टाइम झोन कटओव्हरच्या आधीच भारतीय वेळेवर लावा आणि त्यानंतर सर्व्हिस रिस्टार्ट करा.

ओरॅकल किंवा इतर डेटाबेसमधून माहिती येत असेल तर ६४ बिटचा ड्रायव्हर बसवा आणि ओडीबीसीचे सिस्टिम डीएसएन त्याच नावाने पुन्हा तयार करा.

तालमीत काय तपासायचं

आधी लिहून ठेवलेले तीन आकडे ताडा. मग एक्झिक्युशनलॉगमधले सर्वांत जास्त चालणारे दहा आणि सर्वांत जड असे पाच रिपोर्ट दोन्ही सर्व्हरवर एकाच वेळी, एकाच तारखेला चालवा. फक्त उघडले म्हणून पुढे जाऊ नका. शेवटच्या ओळीतली बेरीज जुळवा. एक्सेल आणि पीडीएफ दोन्ही काढा. ज्याला मोजक्याच फोल्डरची परवानगी आहे अशा साध्या वापरकर्त्याला बसवून पोर्टल उघडायला सांगा. आपल्या ॲडमिन लॉगिनने परवानग्यांची चूक कधीच दिसत नाही.

एजंट बंद ठेवून सबस्क्रिप्शन कसं तपासायचं? एजंटचा जॉब करतो काय, तर रिपोर्टसर्व्हरमधली ॲडइव्हेंट नावाची प्रोसीजर चालवतो. तिला ‘टाइम्डसबस्क्रिप्शन’ हा प्रकार आणि सबस्क्रिप्शनचा आयडी देतो. तेच हाताने करता येतं. नव्या पोर्टलवर स्वतःच्या पत्त्यावर एक साधं सबस्क्रिप्शन असू द्या आणि त्याच्या आयडीने ही प्रोसीजर चालवा. थोड्या वेळात मेल आली पाहिजे. आली नाही तर लॉगफाइल्स फोल्डरमधली ताजी फाइल उघडा, कारण तिथे सापडतं.

कटओव्हरची रात्र

महिनाअखेर, पगाराचा आठवडा आणि जीएसटी भरण्याच्या तारखा टाळा. शनिवारची रात्र बरी.

जुन्या मशीनवर आधी रिपोर्टचे एजंट जॉब बंद करायचे. त्यांची नावं लांबलचक आयडीसारखी असतात आणि कॅटेगरी ‘रिपोर्ट सर्व्हर’ असते, त्यावरून ओळखता येतात. मग रिपोर्ट सर्व्हिस थांबवून तिचा स्टार्टअप प्रकार ‘डिसेबल्ड’ करा. नुसती थांबवली तर विंडोज अपडेटनंतर मशीन रिस्टार्ट होऊन ती पुन्हा उठेल. आता शेवटचा बॅकअप. आणि पुढे तालमीत केलं तेच, त्याच क्रमाने, लिहून ठेवलेल्या कागदावर खुणा करत. यावेळी इव्हेंट टेबलात काही उरलं असेल तर ते पुसण्याआधी वाचा. ते खरं काम असू शकतं.

पत्ता बदलू नये म्हणून जुन्या मशीनचं नाव डीएनएसमध्ये नव्याकडे वळवा. लोकांनी पोर्टल बुकमार्क केलेलं असतं आणि इतर प्रणालींमध्ये रिपोर्टच्या लिंक रुतलेल्या असतात. त्या नावाचं सर्टिफिकेट आणि एसपीएन नव्याकडे आहे ना, ते आधी बघा. मूळ माहितीचे डेटाबेसही हलत असतील तर डेटा सोर्समधली सर्व्हरची नावं बदलायची आहेत. शेअर्ड डेटा सोर्स असतील तर पाच मिनिटांचं काम. प्रत्येक रिपोर्टमध्ये स्वतंत्र डेटा सोर्स घातलेला असेल तर पॉवरशेलचं रिपोर्टिंग सर्व्हिसेस टूल्स मॉड्यूल वापरा, हाताने करायला जाऊ नका.

सगळ्यात शेवटी नव्यावरची एसएमटीपी सेटिंग रिकामी ठेवली असेल तर पूर्ववत करा, एजंट सुरू करा आणि रिपोर्ट सर्व्हिस एकदा रिस्टार्ट करा. जॉब तयार झाले का ते मोजा. जुन्या मशीनवरच्या संख्येशी जुळलं पाहिजे. मग रविवारी पहाटे ठरलेलं पहिलं सबस्क्रिप्शन बघायला जागं राहा.

परत फिरायची वेळ आलीच तर डीएनएस जुन्याकडे वळवायचं, नव्याचा एजंट थांबवायचा, जुन्याची सर्व्हिस आणि जॉब सुरू करायचे. मधल्या काळात नव्यावर कुणी केलेलं सबस्क्रिप्शन किंवा बदललेला रिपोर्ट यात हरवतो, म्हणून परत फिरायची मुदत आधीच ठरवा. मी सोमवार दुपारपर्यंतची ठेवतो. तोपर्यंत नवे रिपोर्ट चढवायचे नाहीत असं विकसकांना सांगून ठेवतो.

नव्या सर्व्हरवरून कीचा ताजा बॅकअप सोमवारीच घ्या आणि जुन्या फाइलच्या शेजारी तारीख घालून ठेवा. जुनं मशीन निदान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत तसंच राहू द्या. त्यानंतर त्याच्या डेटाबेसचा शेवटचा बॅकअप बाजूला काढून मगच ते इन्फ्रा टीमच्या ताब्यात द्या.